टर्बोचं तोंड जुळेपर्यंत

नवरात्र बसलं की साकीनाक्याची हवा बदलते. पाऊस गेलेला असतो, थंडी यायची असते, आणि मधल्या दिवसांत ऊन सगळा राग काढून घेतं. रस्त्यातला चिखल वाळतो, त्याची धूळ होते. ती धूळ वाळत घातलेल्या पातळावर बसते, भाताच्या टोपावर बसते, देवावर बसते. लोक ह्याला ऑक्टोबर हीट म्हणतात. आमच्या घरात ह्याला गाडीचे दिवस म्हणतात.

यंदाही माळ ओवायला बसले आणि खालून ग्राइंडर सुरू झाला. तापलेल्या बिडाचा वास फळ्यांच्या फटीतून वर आला. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते घासलं की वास नाकात थांबत नाही, जिभेवर उतरतो. दाढ काढून आल्यावर तोंडात चव असते ना, तशी. झेंडू हातातच राहिला. आता खाली जायला धड जिना आहे, कठड्याला धरून मी कधीही उतरते, अडवणारं कोणी नाही. हे जाऊन पण बरीच वर्षं झाली. तरी तो वास आला की वाटतं, खाली गाडी उभी आहे, आज काही उतरायला मिळत नाही.

आमचा गाळा लांबट आहे, माचिसच्या डबीसारखा. पुढे शटर, मागे भिंत, खिडकी म्हणून नाही. अर्ध्या गाळ्यावर फळ्यांचा पोटमाळा, त्यावर आमचं घर, आणि घरावर पत्रा. पोटमाळ्याला मधोमध एक चौकोनी भोक, त्यातून लोखंडी शिडी खाली. लग्न होऊन कोकणातून आले ती आधी चाळीत राहिले, मग ह्यांनी लोखंड कातायचा स्वतःचा लेथ टाकला आणि आम्ही लेथच्या डोक्यावर राहायला आलो. दीपक, माझा मुलगा, तिथेच वाढला. झोळीतून खाली बघायचा आणि लेथच्या आवाजावर झोपायचा. लेथ बंद झाला की रडायचा.

ज्या ऑक्टोबरचं मी सांगते तेव्हा दीपक चांगला मोठा, गाड्यांचं काम करणारा. नवीन गाडी आणून तिची ताकद वाढवून मागणारी पोरं असतात, तसलं काम. आणि हे वर खाटेवर. श्रावणात झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. हॉस्पिटलातून आणलं तेव्हा खुर्चीला बांधून चौघांनी त्या भोकातून वर घेतलं होतं. घर वर, खाट वर, दुसरीकडे ठेवणार कुठे. दीपक तेव्हाच म्हणाला होता, "बाबा, दसऱ्याला तुम्हाला खाली आणतो. लेथची पूजा तुमच्याच हातानं."

तेवढ्या बोलण्यावर ह्यांनी दिवस काढले. सकाळी डोळे उघडले की पहिला शब्द तोच.

"खाली?"

"दसऱ्याक न्हेतलो म्हणता झील," मी सांगायची. आमच्या कोकणात मुलाला झील म्हणतात.

"दसरो कधी?"

"येतलो आता."

मला पण खाली यायचं होतं. हे मी तेव्हा कोणाला बोलले नाही, कारण विचारलं कोणी नाही. ह्यांना एकटं सोडून चालत नव्हतं. उठायला बघायचे आणि कलंडायचे. सकाळी मागच्या गल्लीतल्या संडासापर्यंत जायचं आणि यायचं, तेवढंच माझं बाहेर. बाकी भाजी, दूध, सगळं बादलीला दोरी बांधून वर. माणूस खाली आला तर मीही खाली येणार, त्यांच्या बाजूला बसणार, रस्ता बघणार. एवढा साधा हिशोब होता.

आणि मग ती गाडी आली.

गाडी मुलुंडच्या जिग्नेशची. गोरा, हसतमुख मुलगा, येताना कायम काहीतरी खायला आणायचा. त्याला गाडीत मोठा टर्बो बसवायचा होता. दीपकने गाडी रिव्हर्समध्ये आत घेतली, पण काम पुढच्या बाजूचं, म्हणून पुन्हा फिरवून नाक आत घातलं. नाक बरोबर भोकाच्या खाली आलं. शिडीला तिरकी उभी राहायला जागाच उरली नाही. मग मागच्या भिंतीजवळच्या दोन फळ्या काढून शिडी तिथे सरळसोट लावली. मी पाय जपून, छाती शिडीला चिकटवून कशीबशी उतरायची. खुर्चीला बांधलेला माणूस तिथून उतरणं शक्य नाही. आणि भोकातून सोडावा तर खाली बॉनेट काढलेलं, इंजिन उघडं.

"चार दिवसांचं काम आहे गं," दीपक म्हणाला. "नवरात्र अर्धं व्हायच्या आत गाडी बाहेर."

मी काही शिकलेली नाही, पण पोटमाळ्याच्या भोकाशी बसून भाजी निवडता निवडता जे कानावर पडलं ते सांगते. इंजिनाचा धूर बाहेर पडायला चार नळ्या असतात, त्या पुढे एका तोंडात येऊन मिळतात. आपल्या हाताची बोटं जशी मनगटात मिळतात तशा. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. टर्बो म्हणजे बिडाची मोठी गोगलगाय. तिच्या त्या शंखाला हाऊसिंग म्हणतात. धूर मनगटातून शंखात शिरतो, आतलं चक्र फिरवतो, आणि ते चक्र इंजिनाला जोरात हवा मारतं. तर मनगटाचं तोंड आणि शंखाचं तोंड एकमेकाला बरोबर लागलं पाहिजे. भोकं समोरासमोर आली पाहिजेत, कडा बाहेर राहता नये, फट तर अजिबात नको. फट राहिली की धूर तिथूनच पळतो, सापासारखा आवाज करतो, आणि गाडीतला दम जातो.

जिग्नेशने शंख आणला होता कुर्ल्याच्या भंगारातून. त्याच्या तोंडाला मधोमध भिंत, म्हणजे दोन नाकपुड्या. मॅनिफोल्डला एकच उघडं तोंड. नटबोल्टची भोकं पण एका रांगेत येईनात.

"दीपकभाई, यार, दिवाळीला लोणावळ्याला जायचंय. होणार ना?"

"होईल."

"गेल्या शनिवारी पण तू होईल बोलला होतास."

"तू हे हाऊसिंग कुठून उचललंस ते आधी बोल."

"अरे एकदम जेन्युइन पीस आहे."

"जेन्युइन आहे रे. पण दुसऱ्याच्या गाडीचं आहे."

जिग्नेश हसला, वर बघून मला म्हणाला, "आंटी, ढोकळा पाठवतो बादलीत." आणि पाठवला. गोड मुलगा. त्याच्यावर राग धरायला मला कधी जमलंच नाही. रागासाठी पण जरा हवा लागते, आणि वर हवा नव्हती.

पत्र्याखालचा ऑक्टोबर ज्याने काढला नाही त्याला कसं सांगायचं. दुपारी स्टीलचं भांडं हाताला चटका देतं, चुलीवर न ठेवता. पंखा गरम हवा इकडून तिकडे नेतो, एवढंच. ह्यांच्या अंगावर मी ओलं पातळ घालायची, ते वाळलं की पुन्हा भिजवायची. पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशी बदलायची. उजवा हात उचलून उशीवर ठेवायचा. जड असतो मेलेला हात, भिजलेल्या गोणीसारखा. गावाला ह्या दिवसांत भात कापायला आलेलं असायचं. खळं सारवून ठेवलेलं, आजूबाजूला नुसता मोकळा माळ, वाऱ्याला अडवायला झाड नाही. ते आठवायचं नाही असं मी ठरवलं होतं. आठवलं की पोटमाळा आणखी खाली यायचा.

खालून दीपकचा ग्राइंडर, आणि शेजारच्या गाळ्यातल्या इरफानचं वेल्डिंग. इरफान ह्यांच्याच हाताखाली थोडं शिकलेला, ह्यांना चाचा म्हणायचा. दोघांनी मिळून मॅनिफोल्डचं जुनं तोंड कापलं, नवीन जाड पट्टी कापून त्याला दोन नाकपुड्या केल्या, मध्ये भिंत घातली. वेल्डिंग केलं, आणि थंड झाल्यावर पट्टी वाकडी झाली. पापड तळताना वळतो तशी. नखाएवढी वाकडी, पण तेवढं वाकडं पण चालत नाही. मग कानस घेऊन घासत बसायचं.

"इरफान, तू पट्टी नीट आवळली नव्हतीस."

"आवळली होती. तू लवकर सोडलीस. थंड तरी होऊ द्यायची."

"मला टाइम कुठे आहे?"

"मग आता मिळाला ना टाइम. घास."

हे वरून ऐकायचे. डोळे मिटून, मान जरा भोकाकडे करून. कानशीचा आवाज नीट पडला तर चेहरा सैल व्हायचा, चुकीचा पडला तर डावा हात खाटेवर आपटायचे. खाली कोणाला ऐकू जायचं नाही. मला जायचं.

दसरा जवळ आला तेव्हा दीपक शिडीवरून डोकं वर काढून उभा राहिला. तोंड काळं, डोळे लाल.

"बाबा, मी काय म्हणतो. गाडीला चाकं लावतो, आम्ही चौघंजण धक्का मारून गल्लीत काढतो. दसरा झाला की परत आत. तुम्हाला खाली आणतो. दिलेला शब्द आहे."

मी हातातलं काम ठेवलं. मला वाटलं, झालं, सुटलो.

ह्यांनी मान हलवली. नाही.

गाळा उघडला त्या दिवसापासून ह्यांचा नियम होता. स्वतःच्या चाकावर चालत आलेली गाडी आपल्या गाळ्यातून धक्का मारून बाहेर जाणार नाही. आमच्या गल्लीत सगळे तो नियम ओळखून होते. कोणाची गाडी लोटत बाहेर निघाली की समोरचे गाळेवाले कामं टाकून बघायला येतात, कोणीतरी शिट्टी मारतं, आणि मग वर्षभर गाळ्याला नावं ठेवतात. ह्यांनी गिऱ्हाईकं थांबवली, भांडणं केली, पण गाडी लोटली नाही. दीपकला पण हेच शिकवलं.

"बाबा, आत्ता कोण बघतंय?"

"धक्को..." हे म्हणाले. शब्द तोंडात फिरत राहिला. मग जोर करून, "धक्को मारून जावची नाय."

"अहो," मी म्हटलं, "तुमकाच खाली येवचा हा ना?"

माझ्याकडे बघितलं नाही. दीपककडेच बघत राहिले. दीपकने खांद्याने नाक पुसलं आणि उतरला. खाली जाऊन कानस घेतली. मी वर बसून ऐकत होते, आणि मनात आलं, नियम ह्यांचा, गाडी जिग्नेशची, हात दीपकचे, आणि दार बंद माझं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं मांडतात. पाने, कानशी, ड्रिल, सगळं रॉकेलने पुसून पाटावर. एकदा मांडलं की दसरा संपेपर्यंत कोणी हात लावत नाही. मशीन पण चालत नाही. म्हणून त्या दिवशी मांडायच्या आधी तोंड जुळलंय का हे बघायची दीपकला घाई. दुपार होती. त्याने खालून हाक मारली, "आई, देवाजवळचा शेंदूर टाक जरा."

शेंदूर तेलात कालवून मॅनिफोल्डच्या तोंडाला पुसायचा, वर शंख टेकवायचा, दाबायचा, उचलायचा. जिथे टेकतं तिथे शंखाला शेंदूर लागतो. जिथे लागत नाही तिथे खळगा. ही पद्धत ह्यांचीच. मी भोकातून बघत होते. दीपकने शंख उचलून उलटा केला. तोंड लाल झालं होतं, एक कोपरा सोडून. तो कोपरा काळाच होता. इरफानने बघितलं, दीपकने बघितलं, मी वरून बघितलं.

दीपक कानस उचलणार, तेवढ्यात ह्यांचा आवाज. "माका... दाखय."

शंख जड. बादलीतून वर घेतला, दोरी मी ओढली. दीपक पाठोपाठ शिडीने वर आला. शंख ह्यांच्या मांडीवर ठेवला. डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, दुपारी पण वर अंधारच. ह्यांनी डावा हात तोंडावरून फिरवला. सावकाश, पुन्हा फिरवला. सगळं आयुष्य ज्या हाताने लोखंड ओळखलं तो उजवा. हा डावा नुसता धरायला असायचा. बोटं लाल झाली. काळ्या कोपऱ्यावरून बोट गेलं, थांबलं नाही.

"लागला," म्हणाले. चेहऱ्यावर समाधान होतं, किती महिन्यांनी.

दीपक माझ्याकडे बघत होता. मी ह्यांची बोटं पदराने पुसत होते.

"हो बाबा," दीपक म्हणाला. "लागलं."

तो खाली गेला. कानस पाटावर ठेवली, त्यावर हळद-कुंकू, वर झेंडू. शंखालाही माळ घातली. इरफान दबक्या आवाजात म्हणाला, "अरे, कोना बाकी है." दीपक म्हणाला, "चाचाने पास केलंय. गप." दसऱ्याला पूजा दीपकनेच केली. हे वर खाटेवर, मी त्यांच्या बाजूला. आपट्याची पानं बादलीतून आली. घंटीचा आवाज आला, धूप आला, तोही पत्र्याखाली अडकून राहिला संध्याकाळपर्यंत. ह्यांनी कुरकुर केली नाही. म्हणाले, उद्या गाडी जाईल, उद्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दीपकने शंख तसाच बसवला. कोपऱ्याला हात न लावता, पॅकिंग घालून, बोल्ट आवळून. का, ते मी त्याला कधी विचारलं नाही. बापाने हो म्हटलेलं घासायचं कसं, एवढंच असेल. गाडी चालू झाली. सगळा पोटमाळा थरथरला, भांडी वाजली, ह्यांनी डोळे मिटून मान भोकाकडे केली. आणि मग दीपकने जरा पाय दिला तसा तो आवाज आला. बारीक, लांब, सापासारखा.

इंजिन बंद केलं.

ह्यांनी डोळे उघडले नाहीत. डावा हात पोटावर होता, तो हळूहळू सरकवून पांघरुणाखाली घेतला. एवढ्या उकाड्यात पांघरुणाखाली. मी म्हटलं, "पाणी देऊ?" त्या दिवसापासून "खाली?" हा शब्द गेला. सकाळी डोळे उघडायचे, पत्रा बघायचे. कानशीचा आवाज आला तरी मान वळवायचे नाहीत. मी वाट बघायची, आता विचारतील, आता विचारतील. मग मीच म्हणायची, "झील सांगता, आता झालाच." ते ऐकून न ऐकल्यासारखं.

त्या दिवसांचा विचार करते तेव्हा वाटतं, आधी दोघं एका दाराशी वाट बघत होतो. मग ते दारापासून उठून आत जाऊन बसले, आणि दाराशी मी एकटी राहिले.

दीपकने शंख काढला, कोपरा घासला, तोंड घासलं, पुन्हा शेंदूर, पुन्हा घासलं. आता वर कोणाला दाखवायला आणत नव्हता. इरफान एकदा म्हणाला, "चाचा को बुरा लगेगा." दीपक म्हणाला, "लागलंय. आता गाडी तरी बाहेर जाऊ दे." घामाने दोघांच्या अंगावर लोखंडाचा भुगा चिकटलेला, उन्हात शटरपाशी उभे राहिले की चमकायचे, लग्नात शालूची जरी चमकते तसे.

दिवाळीच्या तोंडावर, सकाळच्या वेळी, गाडी चालू झाली आणि आवाज आला नाही. म्हणजे इंजिनाचा आला, पण तो साप नव्हता. दीपकने दम दिला, पुन्हा दिला. आतून एक शीळ उठली, स्वच्छ, चक्र फिरल्याची. मग रिव्हर्स घेऊन गाडी स्वतःच्या चाकावर बाहेर गेली. समोरचे गाळेवाले बघायला आले, कोणी शिट्टी मारली नाही. जिग्नेशने टाळी वाजवली, इरफानला मिठी मारली. आणि भोकाखाली मला आमची जमीन दिसली. तेलाचे डाग, लाल शेंदराचे ठिपके, आणि उजेड. शटरातून आलेला उजेड सरळ भोकापर्यंत पोचला होता.

मी आंघोळ करून चांगलं पातळ नेसले. ह्यांची दाढी केली, शर्ट घातला.

"ऐकलात? गाडी गेली. आपल्या चाकार गेली."

ह्यांनी मान हलवली, बरं.

शिडी जागेवर आली. ह्यांना खुर्चीला बांधलं, वरून दीपक, खालून इरफान आणि जिग्नेश. "संभालके, संभालके," इरफान म्हणत होता. "चाचा का वजन कम हो गया, यार." खाली आणलं. दीपकने खुर्ची लेथजवळ थांबवली, लेथवर अजून दसऱ्याचा वाळका झेंडू होता. ह्यांनी लेथकडे बघितलं नाही. मग दीपकने खुर्ची शटरबाहेर नेली, सावली बघून ठेवली. मी मागोमाग बाहेर आले आणि बाजूला उभी राहिले. पायाखाली फळी नव्हती, जमीन होती. जाऊन चार पावलं चालावंसं वाटलं, पण थांबले.

गल्लीतले लोक आले. "काय काका, बरे दिसताय." "काका, आता या रोज खाली." ह्यांच्या मांडीवर उजवा हात होता, त्यावर डावा ठेवून झाकला होता. उन्हाने डोळे बारीक केले होते.

मग म्हणाले, "वर."

"बाबा, आत्ताच तर आलो ना," दीपक म्हणाला. "बसा जरा. चहा सांगितलाय."

"वर ने."

"अहो बाबा, एवढी मेहनत करून..." दीपक म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"ने त्यांका," मी म्हटलं.

"आणि तू?"

"मी येते."

त्यांनी खुर्ची उचलली. शटरातून आत जाताना ह्यांची पाठ दिसली, मान पुढे झुकलेली. मग शिडीचा आवाज, इरफानचं "संभालके", फळ्यांवर खुर्ची टेकल्याचा आवाज.

बाहेर एक जुना टायर पडला होता, त्यावर बसले. चहावाला दोन ग्लास ठेवून गेला. एक माझा, एक ह्यांचा. समोरून एक टेम्पो लोखंडी सळ्या घेऊन गेला, सळ्यांची टोकं रस्त्याला लागून वाजत होती. एक बाई कडेवर पोर घेऊन गेली. वारा होता, गरमच, पण एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला जात होता. मी चहा फुंकून प्यायला लागले.

वरून हाक आली. शब्द नाही, नुसता "गो" असा आवाज.

दीपक शटरपाशी आला. "आई, बाबा बोलावतायत."

"ऐकलं."

तो उभा राहिला. मग स्वतःच आत गेला. शिडीवर त्याची पावलं वाजली.

माझा चहा संपला. वरून पुन्हा हाक आली. मी ह्यांच्या वाटणीचा ग्लास उचलला आणि फुंकला.